मुलाचे रक्त, आईवरचा आरोप

घटस्फोटाच्या खटल्यात बायकोवर व्यभिचाराचा आरोप करायचा आणि तो सिद्ध करायला मुलाची डीएनए चाचणी मागायची, याचे आता कुणाला नवल वाटत नाही. ज्याचे बीज तोच बाप, पूर्वी ते कळायला साधन नव्हते, आता प्रयोगशाळा आहे, मग घाबरायचे कशाला, असा त्यामागचा युक्तिवाद. मला तो चुकीचा वाटतो आणि क्रूरही. आईबापांच्या भांडणात मूल पक्षकार नसते. निकाल मात्र त्याच्या जन्माचा लागतो.

बीज आणि क्षेत्राचा, म्हणजे मूल जन्म देणाऱ्या पुरुषाचे की आईच्या पतीचे, हा वाद मनुस्मृतीइतका जुना आहे. औरस, क्षेत्रज, दत्तक, कानीन ही मनूची बारा प्रकारच्या पुत्रांची यादी, पंडूचे पाच मुलगे, कुंतीचा कर्ण, हे सारे वाचकांना ठाऊक आहे. त्या बारा पुत्रांत एक ‘गूढोत्पन्न’ही आहे. बीज कोणाचे ते माहीत नाही, पण मूल ज्याच्या पत्नीला झाले त्याचे. म्हणजे बीजाचा माग काढल्याशिवाय बाप ठरत नाही, असे तेव्हाही सगळेच मानत नव्हते. अर्थात त्या यादीला काळजी होती ती पिंडाची आणि मालमत्तेची, मुलाची नव्हे. मुलाकडून विचार केला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. एका विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले, वारस केले.

1872च्या पुरावा कायद्यातले कलम 112 सांगते की, विवाह टिकून असताना, किंवा तो संपल्यापासून 280 दिवसांत आई अविवाहित असताना जन्मलेले मूल त्या पतीचेच, हा निर्णायक पुरावा. सुटकेची वाट एकच : गर्भ राहिला त्या काळात पतीपत्नींचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे दाखवायचे. हे कलम विज्ञानाच्या अज्ञानातून आले, असे समजणारे बरेच आहेत. पण 2001मध्ये, डीएनए चाचणी पूर्ण परिचयाची झाल्यावर, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पतीपत्नी त्या काळात एकत्र राहत असतील, तर चाचणीचा अहवाल उलटा आला तरी कलमाची पकड सुटत नाही. नवऱ्याच्या बाजूने हे कठोर आहे, हे न्यायालयाला दिसत होते. तरीही त्याने निरपराध मुलाच्या बाजूने कौल दिला. कुटुंबाची अब्रू आणि इस्टेट राखणारे कलम इथे मुलाचे कवच झाले.

मग सर्वोच्च न्यायालयाचा 2014चा निकाल आला आणि ‘विज्ञानाने कायद्याला हरवले’ असा बोलबाला झाला. वकील आजही तो पुढे करतात. तो नीट वाचावा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडून वर गेलेला पोटगीचा तो खटला. चाचणी आधीच झालेली होती, पत्नीच्या मागणीवरून फेरचाचणीही झाली, निष्कर्ष तोच आला आणि त्याच्या अचूकतेवर कोणाचा आक्षेप उरला नव्हता. एवढे सिद्ध झाल्यावर त्या माणसावर पितृत्व लादता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. चाचणीचा हुकूम द्यावा की नाही, हा प्रश्न आपल्यापुढे नाही, हेही त्याने बजावले. आधीच्या इतर काही निकालांचा झगडा नेमका त्या हुकुमाशी होता. म्हणून नवऱ्याने मागितली की चाचणी द्यावी, असा अर्थ 2014च्या निकालातून निघत नाही.

2023मध्ये पुण्याच्या एका दांपत्याच्या खटल्यात हे पुरते स्पष्ट झाले. नवऱ्याने मुलाची खाजगी चाचणी आधीच करून घेतली होती. त्या काळात पत्नीशी संबंध येणे अशक्य होते, असे मात्र त्याचे म्हणणेच नव्हते. कौटुंबिक न्यायालयाने चाचणीचा आदेश दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला, सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. व्यभिचार सिद्ध करायचा तर दुसरे पुरावे आणा, मुलाला साधन करू नका, हे त्या निकालाचे सार. बाप कोण हे जाणण्याचा हक्क मोठे झाल्यावर मुलाने स्वतः मागितला, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि तो त्याचा आहे.

कलम कालबाह्य झाले म्हणणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. 2023मध्ये संसदेने पुरावा कायदा नव्याने लिहिला. 1 जुलै 2024पासून तो लागू आहे. त्यात हेच कलम 116 क्रमांकाने आले आहे, 280 दिवसांसह, आणि डीएनएचा अपवाद त्यात घातलेला नाही.