घरातला हिशेब, पाटीवरचं गणित

गरिबाघरी मुलांवर शिक्षणाचे संस्कार होत नाहीत, हे चर्चासत्रांतलं ठेवणीतलं वाक्य. निदान गणितापुरतं तरी ते खोटं आहे. जिथे महिन्याची बेगमी भरत नाही, दहाचं तेल नि पाचची साखर रोज आणावी लागते, तिथे हिशेब दिवसातून चारदा होतो आणि तोही मोठ्यानं. भाजीच्या पाटीशी बसलेलं पोर मेथीच्या जुड्या गिऱ्हाइकाला देता देता दहा, वीस, तीस करू लागतं. तेच पहिलीत ‘१० + १०’ समोर गप्प.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं तपासली. २०२५ साली ‘नेचर’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की सौद्याचा हिशेब चोख करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या गणितात अडखळतात. शाळेतली मुलं बाजारात अडखळतात, हे त्यातलं अधिक बोचरं.

मग खेळातून शिकवा, असं म्हणणारे येतात. दिल्लीच्या गरीब वस्त्यांतल्या बालवाड्यांत तेही झालं. खेळांमुळे संख्येची जाण वाढली, वर्षभर टिकलीही. पण पहिलीच्या अंकगणितात काही फरक पडला नाही, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. खेळ वाया गेले असं नव्हे. मात्र नुसत्या जाणिवेतून अंकांची चिन्हं आपोआप उमगत नाहीत.

याउलट अमेरिकेत २००८ साली संशोधक रमणी आणि सीगलर यांनी गरीब घरांतल्या मुलांना एका ओळीत १ ते १० आकडे लिहिलेला पट दिला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत मुलांची आकड्यांची समज स्पष्ट सुधारली. आकड्यांऐवजी रंगांचा पट मिळालेल्यांची नाही. यातली खरी मेख नियमात होती: तीनच्या घरातून दोन घरं पुढे जाताना मुलानं ‘एक, दोन’ नव्हे, ‘चार, पाच’ म्हणायचं. ओठावरचा आकडा आणि बोटाखालचा आकडा एकच. आपल्या सापशिडीत मूल फाशावरचंच मोजतं; घरातला आकडा वाचतो कोण?

आकड्यांची ही ओळख करून देणं आईच्या माथी मारणं मला पटत नाही. रात्री आठला पाटी उतरवणाऱ्या बाईला ‘मुलाला वेळ द्या’ सांगणं सोपं आहे. तोंडी हिशेबाची बाजू तिनं कधीच पार पाडली आहे. तो हिशेब कागदावर आणणं अंगणवाडीचं नि शाळेचं काम. त्याला पुठ्ठा, खडू आणि सेविकेची पंधरा मिनिटं पुरतात. पुठ्ठा, खडू मिळतील. सेविकेचा वेळ मात्र आहार वाटण्यात, वजनं घेण्यात आणि ‘पोषण ट्रॅकर’ ॲपमध्ये नोंदी भरण्यात जातो.