भल्या माणसाचे काय करावे?

काही महिन्यांपूर्वी आमच्या मंडळीतील तरुण संघाने एका रविवारी सायंकाळी मोठ्यांसाठी 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' हा चित्रपट दाखविला. चित्रपट २०१३ चा, दिग्दर्शक स्टीव्ह मॅकक्वीन. २०१४ साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले, तरी आमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला नव्हता. दोन भगिनी मध्येच उठून बाहेर गेल्या. संपल्यावर दिवे लावावयास बराच वेळ कोणी उठले नाही. मग चहा झाला. त्या चहाबरोबर जे बोलणे झाले, ते अजून आमच्या मनातून गेलेले नाही.

कथा खरी आहे. सॉलोमन नॉर्थअप हे न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा स्प्रिंग्ज येथे राहणारे स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थ. व्हायोलिन वाजविण्यात निपुण, पत्नी व मुले असलेले. १८४१ साली त्यांना कामाचे आमिष दाखवून वॉशिंग्टनला नेले, पळविले आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात प्लॅट या नावाने विकले. बारा वर्षे लुईझियानातील मळ्यांवर गुलामीत काढून १८५३ च्या जानेवारीत ते सुटले व त्याच वर्षी त्यांनी आपली हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ज्याने त्यांना विकले त्याच्यावर वॉशिंग्टनमध्ये खटला झाला. पण नॉर्थअप कृष्णवर्णीय, म्हणून त्यांची साक्षच घेतली गेली नाही.

चहाच्या वेळी पहिले मत एका वडीलधाऱ्या बंधूंनी दिले, "हे लोक खरे ख्रिस्ती नव्हतेच." अनेकांनी माना डोलाविल्या. आम्हीही डोलाविली. एप्स नावाचा तो क्रूर मालक पवित्र शास्त्र उघडून लूक १२:४७ हे वचन गुलामांना वाचून दाखवितो आणि फटके मारण्यास शास्त्राचाच आधार आहे असे सांगतो. प्रभूने जे वचन जागृत राहण्याविषयी सांगितले, त्याचा चाबूक केला गेला. अशा माणसाला ख्रिस्ती न म्हणणे सोपे आहे.

अडचण एप्सची नाही, फोर्डची आहे. विल्यम फोर्ड हा नॉर्थअपना विकत घेणारा पहिला मालक. तो बाप्टिस्ट उपदेशक होता. बोलणे मृदू, चाबकाचा तिटकारा; रविवारी आपल्या गुलामांना बोलावून देवाचे वचन वाचून दाखविणारा. बाजारात एलायझा ही आई आपल्या मुलीपासून तोडली जाते, तेव्हा तो कळवळून मुलीलाही विकत मागतो. दलाल नाही म्हणतो. मग प्लॅटचे हजार डॉलर आणि एलायझाचे सातशे डॉलर अशा हिशेबाने तो दोघांना घेऊन निघतो. पुढे तो शास्त्र वाचीत असता एलायझा हुंदके देत राहते. ते रडणे त्याच्या पत्नीला सोसवत नाही आणि एलायझाला तेथून घालविले जाते. चित्रपटात पुढे नॉर्थअप फोर्डला सांगू लागतात की आपण स्वतंत्र मनुष्य आहोत. फोर्ड ते ऐकूनच घेत नाही. त्याच्यावर कर्ज आहे. तो नॉर्थअपना एप्सच्या स्वाधीन करतो.

आता ह्याला काय म्हणावे? ढोंगी म्हणावे तर त्याची दया खरी होती. दया खरी म्हणावी तर ती कर्जाच्या चिठ्ठीपाशी येऊन थांबली.

दुसरे मत असे पडले की काळच तसा होता. हे आम्हांस पटत नाही. पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे क्वेकर पंथाच्या काही लोकांनी १६८८ सालीच गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदविला होता. नॉर्थअपना पळविले त्याच्या दीडशे वर्षे आधी. नॉर्थअपच्या सुटकेसाठी गुपचूप पत्रे पाठविणारा बास हा सुतार फोर्डच्याच काळात, त्याच मुलखात राहत होता. आणि एलायझा कोणत्या काळातली? गुलामगिरी चूक आहे हे तिला कोणी समजावून द्यावे लागले नव्हते. "काळ तसा होता" असे आपण म्हणतो तेव्हा त्या काळातील माणसांत आपण फक्त मालकांना मोजतो.

चित्रपटात एक प्रसंग आहे. नॉर्थअपच्या गळ्यात फास आहे, पायाची बोटे चिखलाला कशीबशी टेकली आहेत. मुकादमाने मारेकऱ्यांना हाकलले, पण दोर कापला नाही, कारण माल मालकाचा. मागे गुलामांच्या झोपड्यांतून माणसे बाहेर येतात, कामाला लागतात, मुले खेळतात. एक स्त्री धावत येऊन पाणी पाजते व लगेच निघून जाते. दिग्दर्शक तेथून कॅमेरा हलवीतच नाही. बाहेर गेलेल्या भगिनी ह्याच वेळी उठल्या. कंटाळून नव्हे, असे त्यांनी नंतर सांगितले. पाहणारेही त्या मागच्या माणसांसारखेच होऊ लागले, असे त्यांना वाटले. सगळ्या चर्चेत हे बोलणे आम्हांस सर्वांत मोलाचे वाटले. पण मागची माणसे बांधलेली होती, बोलली असती तर मेली असती. आपल्याला ती सबब नाही.

एका तरुणाने विचारले, "अमेरिकेच्या पापाचे आपण येथे काय करावे?" त्याला एवढेच सांगता आले की संबंध वाटतो तितका दूरचा नाही. १८१३ साली ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईस उतरले व १८३१ पासून अहमदनगरास ज्यांचे काम सुरू झाले, त्याच बोर्डावर १८४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती लोक रागावले होते. गुलाम बाळगणाऱ्यांच्या देणग्या बोर्ड घेत होते आणि चेरोकी व चोक्टॉ लोकांतील मंडळ्यांत गुलामधारकांना सभासदत्वही होते. त्या वादातून १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था निघाली. आपल्या कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना अक्षरओळख झाली ती त्या बोर्डाच्या शाळांतून. ते उपकार खरेच आहेत, आणि हेही खरे आहे. जोतीराव फुले यांनी तर १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांनाच अर्पण केले. तेथले दुःख आणि येथले दुःख त्यांना एकाच जातीचे दिसले. हे सांगितल्यावर सभागृहात थोडी चुळबूळ झाली. सोयरीक जुळविताना पूर्वीची जात हळूच विचारणारे आमच्यात आहेत; आम्ही स्वतः ते ऐकून गप्प बसलो आहोत.

दावीद राजाला नाथानाने गोष्ट सांगितली तेव्हा दाविदाला खराखुरा राग आला होता (२ शमुवेल १२). गोष्टीतल्या श्रीमंतावर रागावणे त्याला जड गेले नाही. आमचे त्या रात्रीचे अश्रूही तसेच खरे होते.

आणखी एक गोष्ट लिहिली पाहिजे. नॉर्थअप आपल्या पुस्तकात फोर्डविषयी फार आदराने लिहितात. तो दयाळू व थोर ख्रिस्ती मनुष्य होता, ज्या परिस्थितीत वाढला तिने त्याला आंधळे केले, असा त्यांचा अभिप्राय आहे. चित्रपट फोर्डशी याहून कठोर आहे. ज्याने सोसले त्याने एवढे सौम्य लिहावे, ह्यापुढे आमची मान लवते. परंतु त्यांचा तो शब्द फोर्डसाठी होता. तो आपल्या नावे जमा करून घेण्याचा मोह आम्हांस झाला, हे कबूल करतो.

पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेच्या एका शिक्षिकेने मोठ्या मुलांच्या वर्गात ही हकीकत थोडक्यात सांगितली. एका बारा वर्षांच्या मुलीने विचारले, "बाई, एलायझाला घालविल्यानंतरच्या रविवारी फोर्डसाहेबांनी कोणता अध्याय वाचला असेल?" शिक्षिकेने तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून आमच्याकडे पाठविला आहे. चिठ्ठी अजून टेबलावर आहे.