दुःखिताची कथा ही ठेव आहे

धर्मकार्यासाठी वर्गणी मागणाऱ्याने पैशाचा हिशेब चोख ठेवावा, हे सर्वांस मान्य आहे. मंडळीच्या खजिनदाराकडे एक रुपया कमी भरला, तर कमिटीत लागलीच प्रश्न होतो. परंतु त्या रुपयासाठी आपण कोणाची कथा सांगितली, ती कितपत खरी होती, आणि जिची सांगितली तिला ते रुचले असते काय, हे विचारणारा सहसा आढळत नाही. आमच्या प्रिय वाचकांनी ह्या प्रश्नाकडे क्षणभर लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

कथा सांगूच नये, असे आमचे म्हणणे नाही. मनुष्याचे अंतःकरण केवळ आकड्यांनी द्रवत नाही. नाथान संदेष्टा दावीद राजाकडे गेला, तेव्हा त्याने नियमशास्त्राचे कलम वाचून दाखविले नाही. एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली. आपला शेजारी कोण, ह्या प्रश्नास प्रभूनेही वाटेवर घायाळ पडलेल्या मनुष्याच्या दृष्टांतानेच उत्तर दिले. आपल्याच प्रांताचे उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत ‘दि हाय-कास्ट हिंदु वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात स्त्रीचे बालपण, विवाह व वैधव्य ह्यांची स्थिती क्रमाने मांडून शेवटच्या प्रकरणात साहाय्याची मागणी केली आहे. त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या कार्यास दहा वर्षे मदत देण्यासाठी मंडळ स्थापन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. वाचकांस दया तर आलीच, परंतु समजूतही आली. म्हणून ते साहाय्य एका दिवसाचे ठरले नाही.

परंतु साधन जेवढे समर्थ, तेवढा त्याचा मोहही मोठा. कोणत्या वाक्यास श्रोत्यांचे डोळे भरून येतात, हे सांगणाऱ्यास लवकर कळते. मग दोन दिवसांचा उपवास चार दिवसांचा होतो, आणि दारुडा बाप दर खेपेस अधिक क्रूर होत जातो. उलट, देणाऱ्यांस कित्येकदा यशाच्याच गोष्टी हव्या असतात. दक्षिण हिंदुस्थानात सेवा करणाऱ्या एमी कारमायकेलबाईंनी तेथील कार्याच्या अडचणी जशाच्या तशा लिहिल्या, तेव्हा मजकूर अधिक उत्साहजनक करावा म्हणून हस्तलिखित परत आले. पुढे १९०३ साली ते ‘थिंग्ज ॲज दे आर’ ह्या नावाने निघाले. जसे आहे तसे, हाच त्या नावाचा अर्थ.

खोटे न बोलताही अन्याय घडतो. समजा, दुष्काळात एक मुलगी आश्रमात आली. तिच्या उघड्या बरगड्यांचे छायाचित्र व तिच्या आईबापांची दुर्दशा अहवालात छापली गेली. त्यातील अक्षर न् अक्षर खरे होते, आणि त्या अहवालाने पुष्कळांस अन्न मिळाले. वीस वर्षांनी तीच मुलगी शिक्षिका होऊन वर्गासमोर उभी राहते, आणि कोणी तिच्या हाती तो अहवाल देतो. तिला काय वाटेल? आज तर मोबाइलवर धाडलेले चित्र परत घेता येत नाही. कोणी म्हणेल, पोट भरले, तर लाजेचे काय एवढे? आमचे उत्तर असे की, भुकेलेला मनुष्यही देवाच्या प्रतिरूपाचा आहे. भाकरी देऊन त्याची अब्रू घेणे, हा दानधर्म नव्हे, सौदा होय.

जॉर्ज म्युलर ह्यांनी १८३६ साली ब्रिस्टल येथे अनाथगृह उघडले. ते कोणाजवळ पैसा मागत नसत, परंतु देवाने कसे पुरविले त्याची हकीकत छापीत. १८४१ सालच्या अखेरीस अहवालाची वेळ आली आणि नेमकी तेव्हाच तिजोरी रिकामी होती. हकीकत सांगणे म्हणजे आडून मागणेच होईल, म्हणून त्यांनी सभा व अहवाल पुढे ढकलले. सर्वांनी तसेच करावे, असे आम्ही म्हणत नाही. मागणे हे पाप नव्हे, पौलानेही मागितले. पण तो कसा मागतो, ते पाहा. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणीचा विषय आहे, तरी त्यांच्या भुकेचे रसभरित वर्णन कोठेही नाही. स्वतः दरिद्री असून उदारपणे देणाऱ्या मासेदोनियाच्या मंडळ्यांची कथा तो सांगतो, आणि आपल्यासाठी दरिद्री झालेल्या ख्रिस्ताकडे बोट दाखवितो. शिवाय, त्या पैशाविषयी कोणी दोष लावू नये म्हणून विश्वासू बंधूंस सोबत पाठवितो.

ह्यास्तव वार्षिक अहवाल लिहिताना अथवा कापणीच्या सणाला व्यासपीठावर उभे राहताना, आमच्या सेवकबंधूंनी व भगिनींनी स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. ही कथा तो मनुष्य पहिल्या बाकावर बसला असता आपण अशीच सांगितली असती काय? त्याला खरोखर नाही म्हणण्याची मोकळीक होती काय, की अन्नदात्यास नाही कसे म्हणावे म्हणून तो गप्प राहिला? आणि कथेत त्याचे केवळ दुःखच आहे, की त्याचे श्रम, धैर्य व विश्वासही आहेत? असे केल्याने एखादे वर्षी वर्गणी कमी पडेल, हे आम्ही जाणतो. ती तूट सोसावी. जी कथा दुःखिताने आपल्या स्वाधीन केली ती त्याची ठेव आहे, आणि ठेवीचा हिशेब प्रभू मागणारच.