काडतुसाची लांबी

बॉनमध्ये ऱ्हाइनच्या काठाला ऱ्हाइनआउए हे मोठं उद्यान आहे. मनाने तिथल्या तळ्यापाशी बसा. गवतात कलहंस चरताहेत, त्यांना माणसांची सवय आहे. मागे एक उंच इमारत दिसते, लांगर ऑयगेन. पूर्वी तिथे पश्चिम जर्मनीच्या खासदारांची कार्यालयं होती, आता संयुक्त राष्ट्रांची आहेत. १९७९मध्ये याच शहरात स्थलांतरित वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा करार झाला. आफ्रिका आणि युरेशियातल्या पाणपक्ष्यांसाठी १९९५मध्ये जो करार झाला, त्याचं सचिवालयही इथेच आहे.

या दुसऱ्या कराराने शिकार बंद केली नाही. पाणथळ जागांतून शिशाचे छर्रे हद्दपार करा, असं मात्र सांगितलं. तिथे जरा थांबा.

आता एक काडतूस तळहातावर घ्या. उडवायचं नाही, फक्त पाहायचं. पितळी बूड, वर प्लास्टिकची नळी, तोंड दुमडून बंद केलेलं. आत दारू, त्यावर एक वाटी आणि वाटीत छर्रे. बार झाला की त्यांतले मोजके पक्ष्याला लागतात. बाकीचे कुठे जातात? त्यांच्या मागे मनाने पाण्यात उतरा, तळाच्या चिखलापर्यंत.

बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळतं आणि पोटातल्या पेषणीत त्यांच्या साहाय्याने दाणे दळतं, जात्यासारखे. शिशाचा छर्रा त्याला खड्यासारखाच वाटतो. तो पेषणीत झिजतो, आम्लात विरघळतो आणि विष रक्तात उतरतं. ज्याच्यावर कुणी नेमही धरला नव्हता, तो पक्षी पंख ढिले पडून, उपाशी मरतो. हे चित्र मनातून लवकर पुसू नका. युरोपीय संघात १५ फेब्रुवारी २०२३पासून पाणथळीत आणि तिच्यापासून १०० मीटरच्या आत शिशाचे छर्रे झाडायला बंदी आहे, ती यासाठीच.

शिशाची जागा पोलादाने घेतली आणि लांबीचा प्रश्न उभा राहिला. शिशाची घनता घनसेंटीमीटरला ११.३ ग्रॅम, पोलादाची सुमारे ७.८. हलका छर्रा हवेत लवकर मंदावतो, म्हणून तो आकाराने मोठा घ्यावा लागतो. मोठे छर्रे पुरेशा संख्येने बसवायचे तर जागा जास्त लागते, म्हणून नळी लांब होते. बारा बोअरच्या बंदुकीसाठी ७०, ७६ आणि ८९ मिलिमीटर लांबीची काडतुसं मिळतात.

हे आकडे सावकाश मनात घोळवा. काडतुसावर छापलेली लांबी बार झाल्यानंतरची असते, तोंडाची घडी उलगडल्यावरची. म्हणून ७६चं काडतूस बंदुकीच्या ७०च्या चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसायच्या जागेत, सहज शिरतं. मावलं म्हणजे चालेल, असं वाटतं. पण घडी उलगडायला पुढे जागा नसते, दाब वाढतो आणि तो बंदुकीवर, हातावर, चेहऱ्यावर येऊ शकतो. तेव्हा आधी बंदुकीच्या नळीवर कोरलेला आकडा वाचायचा. जोरदार पोलादी काडतुसांसाठी या नळीची वेगळी चाचणी होते, तिचं लिलीच्या फुलाचं चिन्ह आहे का, तेही पाहायचं.

तुम्ही कधी बंदूक धरली नसेल, धरणारही नसाल. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने वन्यजिवांना संरक्षण दिलं, आणि जायकवाडीवर उतरणारा चक्रवाक आज त्या कायद्याच्या छायेत आहे. तरीही बसून राहा. शस्त्र हाती असलेल्या माणसाने कुठे थांबावं, हा प्रश्न आपलाही आहे.

खरा मोह इथून पुढे आहे. लांब काडतुसात छर्रे जास्त, म्हणून दूरचा पक्षीही टप्प्यात आल्यासारखा वाटतो. पण अंतर वाढतं तसे छर्रे पांगतात आणि त्यांचा जोर ओसरतो. एखादाच लागतो. पक्षी हेलकावतो, सावरतो आणि थव्याबरोबर निघून जातो. चुकलंच, असं म्हणून आपण मोकळे होतो. डेन्मार्कमध्ये १९९०च्या दशकात गुलाबी पायांच्या कलहंसांचे एक्स-रे काढले, तेव्हा जिवंत, उडत्या प्रौढ पक्ष्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांच्या अंगात छर्रे सापडले. त्यानंतर शिकाऱ्यांना जवळूनच बार टाकायला शिकवण्याची मोहीम निघाली आणि ते प्रमाण खाली आलं. मला या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. काडतुसं होती तशीच राहिली असती, तरी माणसांनी अंतर कमी करून हे साधलं असतं.

आता डोळे मिटा आणि ३० मीटर कल्पा. तेवढंच अंतर नीट पाहा. त्या अंतरात येणाऱ्या बदकासाठी ७० मिलिमीटरचं काडतूस पुरतं. मोठ्या कलहंसासाठी, बंदूक तशी तपासलेली असेल तर, ७६चं घ्यावं. ८९चं मी सुचवणार नाही. ज्या अंतरावर त्याची गरज भासते, त्या अंतरावरून बारच टाकू नये, असं माझं मत आहे.