आधी नळ, मग रंग

मे महिना सरत आला की आपल्या शहरांतून टेम्पो धावू लागतात. गाद्या, कपाटं, कुंड्या, सगळ्यांच्या वर उलटं बांधलेलं टेबल. शाळा-कॉलेजं सुरू व्हायच्या आत भाड्याची घरं बदलायची असतात. आणि याच दिवसांत कुठे कुठे एखादा माणूस पहिल्यांदाच घरमालक होत असतो. कालपर्यंत तो स्वतः कुणाचा तरी भाडेकरू होता, किंवा आईवडिलांच्या घरी राहत होता. आता त्याच्या हातात एका रिकाम्या फ्लॅटची किल्ली आहे. फ्लॅट कर्ज काढून घेतलेला असेल, मोठ्या घरात गेल्यामुळे मोकळा झालेला असेल, नाहीतर आईवडिलांच्या माघारी वाट्याला आलेला असेल. घर भाड्याने द्यायचं हे ठरलंय. अडलंय एवढ्यावरच, की त्याआधी त्या घरावर खर्च किती करायचा?

सल्ले देणारे पुष्कळ असतात. एजंट म्हणतो, "साहेब, नुसता रंग मारून द्या, आठ दिवसांत जाईल." मेहुणा म्हणतो, "किचनला ट्रॉल्या बसव, वर पीओपी कर, दोन हजार जास्त मिळतील." आणि खालच्या मजल्यावरचे काका म्हणतात, "भाडेकरूसाठी कशाला खर्च करतोस? तो खराबच करणार." तिघांचंही थोडं थोडं खरं असतं. पण तिघांपैकी एकानेही बाथरूमचा नळ सोडून पाहिलेला नसतो.

आपण जरा आकडे मांडून बघू. पिंपरी-चिंचवडमधला वीस वर्षं जुन्या इमारतीतला एक वन बीएचके घ्या. आहे तसा दिला तर महिना १५,००० रुपये भाडं येईल, असं धरू. ट्रॉल्या, पीओपी, वॉर्डरोब असं करत २,००,००० रुपये घातले आणि भाडं १७,००० झालं, असंही धरू. म्हणजे वर्षाला २४,००० रुपये जास्त. घातलेले पैसे वसूल व्हायला आठ वर्षं आणि वर चार महिने लागले. तेच दोन लाख बँकेत ठेवले असते आणि सहा टक्के व्याज धरलं, तरी वर्षाला १२,००० रुपये बसल्या जागी आले असते. आणि आठ वर्षांत त्या घरात चार-पाच कुटुंबं येऊन गेलेली असतील. ट्रॉलीचे चॅनेल तोवर किती सरळ चालत असतील, हे आपलं आपणच ठरवावं.

यात आणखी एक खर्च लपलेला असतो, त्याचं बिल कुणी देत नाही. सुतार "परवा नक्की येतो" म्हणतो आणि परवाचा पंधरवडा होतो. काम लांबतं, जून निघून जातो, घर शोधणारे दुसरीकडे स्थिरावतात. घर दोन महिने रिकामं राहिलं तर ३०,००० रुपये गेले. दरमहा मिळणारे ते जादा दोन हजार पंधरा महिने साठवावेत, तेव्हा ही भरपाई होते.

इथवर हिशोब आपल्याला बरोबर घेऊन आला. आता त्याच घराच्या बाथरूममध्ये जाऊ. फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपतंय आणि बेडरूमच्या भिंतीवर ओल आली आहे. फरशी काढून वॉटरप्रूफिंग करायला, समजा, ४०,००० रुपये लागतील. यातून भाडं किती वाढेल? एक रुपयाही नाही. घर बघायला येणारा माणूस वॉटरप्रूफिंग बघत नाही, त्याला ते दिसतच नाही. मघाचाच हिशोब इथे लावला तर उत्तर येतं, खर्च करू नका. ओलीवर पुट्टी भरा, वरून रंग द्या. पुढच्या पावसापर्यंत कुणाला कळणार नाही.

आपली गडबड होते ती इथेच. गळतीपाशी आपण हिशोबी होतो आणि सजावटीपाशी हौशी. जिथे कॅल्क्युलेटर बाजूला ठेवायला हवा, तिथे तो हातात घेतो. जिथे तो हवाच, तिथे मात्र म्हणतो, "असू दे, एकदाच करायचंय तर चांगलं करू."

म्हणून खर्चाचा आकडा ठरवण्याआधी कागदावर दोन रेघा ओढाव्यात. एक खालची, एक वरची.

खालच्या रेघेच्या आत ती कामं, जी केल्याशिवाय किल्ली दुसऱ्याच्या हातात देण्याचा आपल्याला अधिकारच नाही. वीज त्यातली पहिली. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं वायरिंग पंखे, दिवे, टीव्ही आणि फ्रीज एवढं धरून केलेलं असतं. आज त्याच तारांवर गिझर, वॉशिंग मशीन, इंडक्शन आणि कधी एसीही येतो. अर्थिंग तपासून घ्यावं, आणि शॉक लागण्याच्या क्षणी वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला असावा. दुसरं, गॅस गिझर. बंद बाथरूममध्ये तो चालू राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यामुळे आतल्या माणसाला कळतच नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचलेल्या आहेत. तो बाथरूममध्ये असेल तर बाहेर काढावा, किंवा विजेचा गिझर द्यावा. मग पाणी, म्हणजे पुरेसा दाब असलेले नळ, चालणारा फ्लश, न तुंबणारी नहाणी. मग ओल. गॅलरीचा पक्का कठडा आणि आतून नीट लागणारी दाराची कडी. ही यादी काही फार मोठी नाही. पण हिच्यातल्या कुठल्याच ओळीसमोर "यातून मला काय मिळेल" हा प्रश्न लिहायचा नसतो.

वरची रेघ आपण ओढतच नाही, ती वस्ती ओढते. शेजारच्या इमारतींत तशाच घरांना १५ ते १७ हजार मिळत असतील, तर तुमच्या घरात संगमरवर घातला म्हणून २५ हजार कुणी देणार नाही. ज्याला २५ हजारांचं घर हवं असतं, तो त्या गल्लीत शोधतच नाही. म्हणून चौकशी आधी भाड्याची करावी आणि मग सुताराला बोलवावं. बहुतेकांचा क्रम उलटा असतो.

या दोन रेघांच्या मधली जागा आपल्या समजूतदारपणाची. इथे थोड्या पैशांत रोजचं सुख देता येतं. खिडक्यांना मच्छरजाळ्या, ओट्याजवळ एक जादा प्लग, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट पंखा, कपडे वाळत घालायची सोय. रंग धुता येईल असा आणि सगळ्या घराला एकच द्यावा. त्याचा शेड नंबर लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी एका भिंतीसाठी सगळं घर रंगवावं लागत नाही. नळ असे बसवावेत की ज्यांचा वॉशर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेल. फार नखऱ्याचा नळ पहिल्या बिघाडालाच आपल्याला सगळं शहर हिंडवतो.

घराचं भाडं आणि घराची दुरुस्ती यांचं नातं तुटलं की काय होतं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे त्याचा मोठा इतिहासच आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी मुख्यतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. त्या टंचाईच्या काळात हजारो कुटुंबांना त्यामुळेच डोक्यावर छप्पर राहिलं, हे विसरून चालणार नाही. पण वर्षं लोटली, चुना, विटा आणि मजुरी महागत गेली, आणि भाडं मात्र तेवढंच राहिलं. मालक म्हणाला, एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणाला, घर माझं नाही, मी का करू? दोघांच्या मध्ये चाळ उभी होती, ती झिजत गेली. शेवटी सरकारला दुरुस्तीसाठी उपकर बसवून वेगळं मंडळ नेमावं लागलं. जुन्या मुंबईतल्या त्या इमारती आजही उपकरप्राप्त इमारती म्हणूनच ओळखल्या जातात, आणि दर पावसाळ्यात त्यांची काळजी वाहावी लागते.

नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ करता येते. आज आपण करतो तो अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करारही याच कायद्यात बसतो, आणि त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे आजचा पहिलटकर घरमालक त्या चाळमालकाच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. भाडं तो बाजारभावाने ठरवतो, दर करारात वाढवतो, नाही पटलं तर दुसरा भाडेकरू बघतो. "एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू" ही सबब त्याला उरलेली नाही.

आयकराचा कायदाही इथे थोडं शिकवून जातो. घरभाड्याच्या उत्पन्नातून पालिकेचा भरलेला कर वजा केल्यावर जे उरतं, त्यातले ३० टक्के सरकार सरसकट सोडून देतं. तुम्ही दुरुस्तीवर रुपयाही घातला नाहीत तरी ३० टक्के, आणि दोन लाख घातलेत तरी ३० टक्केच. आपल्या उदाहरणातल्या १,८०,००० रुपयांच्या वार्षिक भाड्यात, पालिकेचा कर क्षणभर बाजूला ठेवला तर, ही रक्कम ५४,००० होते. बिलं कुणी मागत नाही. त्यामुळे ती सूट खिशात टाकून भिंत तशीच ओली ठेवणंही शक्य आहे. पण ज्या उत्पन्नात घराची झीज गृहीत धरली आहे, ते सगळंच्या सगळं आपलं नाही, एवढं तरी त्यावरून ध्यानात यावं. माझा आडाखा साधा आहे. वर्षातलं एका महिन्याचं भाडं त्या घराच्याच नावाने वेगळं ठेवावं. सोसायटीचा मेंटेनन्स, भोगवटा नसल्याचं शुल्क आणि पालिकेचा कर हे त्याशिवाय धरावेत. असा पैसा बाजूला असला की पहिल्याच दिवशी सगळं करून टाकायची घाईही उरत नाही. कुठे काय कमी आहे, हे अकरा महिने तिथे राहिलेला माणूस सुताराहून नेमकं सांगतो.

काही घरांचं मात्र गणिताने सुटत नाही. आईवडिलांचं घर भाड्याने देताना हात अडखळतो. या ओट्यापाशी आई उभी राहायची, त्या खिडकीत बाबा पेपर वाचायचे. मग एकतर आपण त्या घरावर नको इतका खर्च करतो, किंवा करारात कलमांमागून कलमं घालतो. खिळा ठोकायचा नाही, कपाट सरकवायचं नाही, गॅलरीत कुंडी ठेवायची नाही. दोन्हींच्या मागे भाव एकच, घर दुसऱ्याला देऊनही आपल्यापाशी ठेवायचं. तिथे एवढंच करावं. जे फुटलं, तुटलं तर आपल्याला रडू येईल, ते घर देण्याआधी उचलून आणावं. झोपाळा, देव्हारा, आजोबांचं लाकडी कपाट, सगळं. मागे जे ठेवाल ते वापरलं जाणार, आणि वापरलं की झिजणार. येणाऱ्या कुटुंबालाही त्या भिंतीवर आपल्या माणसांचे फोटो लावायचे असतात.

आणि भाडेकरू म्हणजे कुणी लांबचा, परका माणूस, असंही आता राहिलेलं नाही. आज कितीतरी घरांत आईबाबा पुण्यात किंवा नाशकात घरमालक असतात आणि त्यांची मुलगी बंगळूरला किंवा हैदराबादला कुणाची तरी भाडेकरू असते. तिचा फोन येतो, "आई, मालक गिझर दुरुस्तच करत नाहीये." आई तिकडच्या मालकाला मनातल्या मनात चार शब्द सुनावते. त्याच दिवशी इकडच्या भाडेकरूचा निरोप आलेला असतो, फ्लशची टाकी गळते म्हणून. त्याला उत्तर जातं, "बघू या, पुढच्या आठवड्यात."

तेव्हा आज तुम्ही त्या रिकाम्या घरी जाणार असाल, तर रंगाचं शेडकार्ड घरीच राहू द्या. टॉवेल, बादली आणि चहाचं सामान न्या. सगळे दिवे, पंखे आणि गिझर एकदम लावून बघा. तिथे अंघोळ करा, चहा करा, संध्याकाळी डास येईपर्यंत थांबा. जे जे खटकेल त्याची यादी करा. मग त्या यादीतलं एकेक काम वाचताना स्वतःला विचारा, बंगळूरच्या त्या घरात लेकीसाठी हे मी चालवून घेतलं असतं का? ज्याचं उत्तर "नाही" येईल, ते खर्च न मोजता आधी करून टाका. उरलेल्या यादीला खुशाल कॅल्क्युलेटर लावा.