अभय आणि अपैशुन : ऑफिसातल्या कपटापुढे कसं उभं राहायचं?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ५.

सोळाव्या अध्यायाच्या सुरुवातीला भगवंत दैवी संपत्तीचे २६ गुण सांगतात. त्यात पहिला मान दानाला नाही, तपाला नाही, अहिंसेलाही नाही. पहिला गुण आहे अभय. पुढे दुसऱ्या श्लोकात अहिंसा, सत्य, अक्रोध यांच्याच रांगेत एक गुण येतो, ज्याच्याकडे आपलं फारसं लक्ष जात नाही. तो म्हणजे अपैशुन. पैशुन म्हणजे चहाडी, कानाला लागणं, माघारी दुसऱ्याचे दोष सांगत फिरणं. ते नसणं म्हणजे अपैशुन.

आज याच दोन गुणांवर थांबावंसं वाटलं. त्याला कारण आहे. पुण्याला, हैदराबादला नोकरी करणारे आपल्या परभणीकडचे मित्र सणावाराला गावी आले की एक विषय हमखास निघतो. कामाचा ताण सगळेच सहन करतात. पण टीममधला एखादा गोड बोलून गळा कापणारा माणूस झोप उडवतो. मग प्रश्न येतो, देवाधर्माचं करणाऱ्यानं अशा वेळी काय करायचं? सोसायचं की भिडायचं?

आधी ओळखायचं. चौथ्या श्लोकात आसुरी संपत्तीची सहा लक्षणं आहेत : दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा आणि अज्ञान. क्रम बघा. दंभ पहिला आहे आणि क्रोध चौथा. आपण ऑफिसात उलटं मोजतो. ओरडणारा साहेब वाईट, गोड बोलणारा चांगला. पण चुकलेलं काम सगळ्यांसमोर चुकलं म्हणणारा, स्वतःचं चुकल्यावर तेही मान्य करणारा कडक साहेब पुष्कळदा भला माणूस असतो. त्याच्याकडून शिकायला मिळतं. दंभ असणाऱ्याचे चेहरे दोन असतात, एक वरच्यांसाठी आणि एक खालच्यांसाठी. तुमचं काम तो स्वतःच्या नावावर सांगतो. तुम्हाला लागणारी माहिती दाबून ठेवतो आणि मग तुम्हाला माहीत नव्हतं म्हणून हसतो. दोघांना एकमेकांविरुद्ध वेगवेगळं सांगतो आणि दोघांचाही जिवलग होऊन राहतो.

माझ्या एका जुन्या कंपनीत असे एक टीम लीड होते. रात्री नऊला फोन करून बदल सांगायचे. "मेल-बिल राहू दे, तू करून टाक." सकाळच्या कॉलवर मॅनेजरसमोर तेच विचारायचे, "हे कुणी करायला सांगितलं?" असं दोन-तीन महिने चाललं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याच डोक्यात काही बिघडलंय का? याला आता गॅसलायटिंग म्हणतात. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं १९३८ सालचं 'गॅस लाइट' नावाचं नाटक आहे. त्यातला नवरा बायकोला तिच्याच आठवणीवर शंका घ्यायला लावतो. त्यावरून हा शब्द आला.

म्हणूनच पाचवा श्लोक मला फार मोलाचा वाटतो. दैवी आणि आसुरी असे दोन्ही प्रकार सांगून झाल्यावर भगवंत अर्जुनाला धीर देतात, की तू शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊन जन्माला आला आहेस. अर्जुनानं तसं काही विचारलेलं नसतं. पण सरळ माणसाचं असंच असतं. दोषांची यादी ऐकली की तो आधी स्वतःलाच तपासतो. कपटी माणूस नेमका याच सवयीवर जगतो. स्वतःला तपासणं चांगलंच आहे, पण दुसऱ्यानं रचलेल्या खोट्यावरून स्वतःला दोषी ठरवणं म्हणजे नम्रता नव्हे.

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. संत जनाबाई आपल्या गंगाखेडच्या. लहानपणी पंढरपूरला नामदेवरायांच्या घरी आल्या आणि आयुष्यभर तिथेच दळण-कांडण, शेण-पाणी करत राहिल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर घरकामाची बाई, हाताखालच्या माणसांतली सगळ्यात खालची. संतचरित्रांत कथा आहे, की पांडुरंग रात्री जनीकडे आले, तिला दळू लागले आणि पहाटे घाईघाईत निघताना गळ्यातलं पदक तिथेच विसरले. सकाळी देवळात पदक नाही म्हणून शोध सुरू झाला. जनीच्या घरी ते सापडलं. चोर ठरवून तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर द्यायला नेलं. तिनं विठ्ठलाला हाक मारली आणि सुळाचं पाणी झालं.

आपण शेवटच्या चमत्काराला हात जोडतो आणि पुढे जातो. मला मात्र मधली जागा अडवते. पदक खरंच तिच्याकडे होतं! पुरावा खोटा नव्हता. पुराव्याला जोडलेली गोष्ट खोटी होती. आणि ती गोष्ट एवढ्या सहज का खपली? कारण आरोप एका दासीवर होता. ऑफिसातलं कपटही बहुतेक वेळा असंच चालतं. निखालस खोटं कुणी बोलत नाही. तुमचा कोड चुकला हे खरं असतं, पण बदल कुणी आणि कधी सांगितला हे गाळलेलं असतं. तुम्ही लवकर निघालात हे खरं असतं, आदल्या रात्री दोनपर्यंत जागलात हे गाळलेलं असतं. आणि बळी म्हणून नेहमी असाच माणूस निवडलेला असतो, ज्याचा शब्द वजनात कमी भरतो. नवखा, कंत्राटी, इंग्रजीत अडखळणारा, गावाकडून आलेला.

जनी गप्पही बसलेली नाही. तिच्या अभंगांत ती प्रत्यक्ष विठोबाशी भांडते, त्याला चार शब्द सुनावते. जी देवाला तोंडावर सुनावते, तिच्या भक्तीला मुकाटपणा म्हणता येणार नाही.

इथे कुणी म्हणेल, मग एकनाथ महाराजांचं काय? आपल्याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण आहे. नाथ स्नान करून यायचे, एक माणूस अंगावर थुंकायचा आणि नाथ न रागावता पुन्हा नदीवर जायचे. ही कथा सांगून आपल्याकडे पुष्कळांना गप्प केलं जातं. पण दोन गोष्टी नीट पाहिल्या पाहिजेत. एक, नाथांनी सोसलं ते स्वतःच्या अंगावरचं. त्यांच्या शांतीची किंमत दुसऱ्या कुणी मोजली नाही. ऑफिसात आपल्या गप्प बसण्याची किंमत शेजारच्या खुर्चीवरची नवीन मुलगी मोजत असते. दोन, नाथांना त्या माणसाची भीती नव्हती. भीतीनं गप्प बसणं आणि शांतीनं गप्प बसणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. फरक आपल्यालाच ठाऊक असतो. म्हणून तर अभय पहिलं आहे. ते नसेल तर आपल्या क्षमेला क्षमा म्हणता येत नाही.

मग भिडायचं कसं? इथे अपैशुन वाट दाखवतं. चहाडी करणाऱ्याशी लढताना आपणच चहाडखोर होणं सगळ्यात सोपं असतं. चहाच्या टपरीवर रोज त्याचंच नाव, रोज तोच विषय. तक्रार आणि चहाडी यांत मी असा फरक करतो : तक्रार अशा माणसाकडे जाते जो त्यावर काही करू शकतो, आणि ती संबंधितासमोर उच्चारायची आपली तयारी असते. चहाडी अशा माणसाकडे जाते जो फक्त ऐकून मान हलवू शकतो.

व्यवहारात मला उपयोगी पडलेल्या गोष्टी सांगतो.

१. तोंडी सांगितलेलं लेखी करा. त्या रात्रीच्या फोननंतर मी दोन ओळींची मेल टाकायला लागलो, "आत्ता बोलल्याप्रमाणे हे बदल करतोय, वेगळं असेल तर कळवा." रागाचा एक शब्द नाही. थोड्या दिवसांत ते फोन आपोआप कमी झाले.

२. माणसाला नावं ठेवू नका, घटना सांगा. "तो कपटी आहे" यावर वाद होतो. "अमुक तारखेला असं ठरलं, नंतर असं घडलं" यावर उत्तर द्यावं लागतं.

३. दुसऱ्या कुणावर खोटं बालंट येत असेल आणि खरं आपल्याला माहीत असेल, तर तिथेच, त्याच बैठकीत सांगा. जनीसाठी सत्य बोलणारं त्या गर्दीत कुणी नव्हतं.

४. कायदा माहीत असू द्या. लैंगिक छळाचा प्रकार असेल तर २०१३ च्या कायद्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारण ३ महिन्यांच्या आत करायची असते.

५. काहीच बदललं नाही, तर दुसरी नोकरी शोधा. घराचा हप्ता आहे, गावाकडे सोयाबीन पावसावर आहे, सगळं मान्य. म्हणून आधी शोधा, मग सोडा. पण निघून जाणं म्हणजे हरणं नाही. आपल्याकडे गमतीनं म्हणतात ना, "बनी तो बनी, नहीं तो परभणी." लोक हसतात त्यावर, मला त्यात अभय दिसतं. परत यायला जागा आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याला फार घाबरवता येत नाही.

एक शेवटचं. रामेश्वर भटांनी तुकोबांना विरोध केला, त्यांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या, असं परंपरा सांगते. पुढे हेच रामेश्वर भट तुकोबांचे झाले, तुकोबांची आरती त्यांच्या नावावर आहे. म्हणून कृती ओळखायची, तिला थांबवायचं, आणि माणसासाठी मनात एक दार उघडं ठेवायचं. त्या दारातून आज त्याला आत घ्यायलाच पाहिजे असं नाही. कडी फक्त आतून कायमची लावायची नाही.

आजची प्रार्थना : पांडुरंगा, खरं बोलायला लागणारं अभय दे. दुसऱ्याचं वाईट बोलायला जीभ वळवळली तर ती आवर. आणि माझ्यासमोर कुणाचं पदक सापडलं, तर ते तिथे कसं आलं हे विचारायची बुद्धी दे.

आजचा संकल्प : आज कुणाबद्दलही, जे त्याच्यासमोर बोलू शकणार नाही, ते त्याच्यामागे बोलणार नाही.

राम कृष्ण हरी.