शमुवेलाचा कान

शास्त्रपाठ : 1 शमुवेल 3:1-10



सुरतेत उधना, लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे आहेत. कित्येकांचे पोट यंत्रमागांवर चालते. तेथील मूल मागांचा खडखडाट आणि मराठी, गुजराती, हिंदी अशा तीन भाषा ऐकत वाढते. अशाच एका मुलाला शब्बाथशाळेत आम्ही दरडावले, "तुला कान आहेत की नाहीत?" मूल हळूच म्हणाले, "ऐकू येतं सर, पण कळत नाही."

ते उत्तर खरे होते. कान जन्मताच मिळतो. ऐकणे मात्र वर्षानुवर्षे घडत जाते. बाळ गर्भात शेवटच्या महिन्यांत आईचा आवाज ऐकते व जन्मल्यावर तो ओळखते. पहिले सहा-आठ महिने त्याचा कान परक्या भाषांनाही उघडा असतो. इंग्रजी घरांतील तान्ही बाळे हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतील भेद ओळखतात, परंतु वर्ष भरता भरता ती शक्ती मावळते, हे कॅनडातील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनी 1984 साली दाखवून दिले. जे घरात कानी पडत नाही, त्याची वाट मेंदू सोडून देतो. जे वारंवार पडते, त्याची वाट पक्की करतो. नवजात बाळाच्या मेंदूच्या श्रवणकेंद्रातून ध्वनीला पहिले ठळक उत्तर उमटण्यास सेकंदाचे सुमारे 300 सहस्रांश लागतात. प्रौढाला सुमारे 60 पुरतात. गोंगाटातून एकच आवाज निवडून घेण्याची शक्ती तर कुमारवयापर्यंत वाढत राहते.

आता शमुवेलाकडे पाहा. देवाने हाक मारली आणि तो एलीकडे धावला, एकदा नव्हे, तीनदा! कारण त्याच्या ओळखीचा आवाज एलीचाच होता. देव रागावला नाही. त्याने चौथ्यांदा हाक मारली. म्हाताऱ्या एलीचे पुष्कळ चुकले होते, तरी त्या रात्री त्याने मुलाला हाकलून दिले नाही. कसे ऐकावे, उत्तर कसे द्यावे, हे त्याने शिकविले.

शिक्षकहो, आपल्या वर्गातील मुलाला देवाचा शब्द प्रथम आपल्याच आवाजात ऐकू येतो. तो आवाज दरडावणीचा असेल तर मुलाच्या मनात देवही दरडावणाराच होईल. म्हणून खिडकी लावून घ्या, मुलाला जवळ बसवा, सावकाश बोला, पुन्हा सांगा. आईबापहो, घरी रोज थोडे तरी शास्त्र मोठ्याने वाचा. आणि मूल हाकेला वळत नसेल, तर त्याला हट्टी न म्हणता आधी कानाची तपासणी करून घ्या. जन्मतः बहिऱ्या मुलाला पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत श्रवणाचे साधन मिळाले, तर त्याच्या मेंदूला ऐकणे अधिक चांगले साधते. पुढे ते कठीण होत जाते.

पुढच्या रविवारी आम्ही त्या मुलाजवळ बसून गोष्ट पुन्हा सांगितली. ती त्याला कळली.

हे प्रभो, चौथ्यांदा हाक मारण्याचा तुझा धीर आम्हांस दे. आमेन.